मनगटावरील वैभव

बाजारांत तीनचारशें रुपयांना मिळणारें साधें क्वार्ट्‌झचें घड्याळ महिन्याकाठीं सुमारें पंधरा सेकंद पुढें किंवा मागें जातें. स्वित्झर्लंडमधील अधिकृत परीक्षणसंस्था यांत्रिक घड्याळाची यंत्रणा पंधरा दिवस, पांच निरनिराळ्या स्थितींत व तीन निरनिराळ्या उष्णतामानांत तपासते आणि मगच तिला ‘क्रोनोमीटर’ ही पदवी देते. परंतु त्या पदवीधर यंत्रणेलाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागें पडण्याची किंवा सहा सेकंद पुढें धांवण्याची मुभा असते. म्हणजे ज्या घड्याळाला आठदहा लाख रुपये मोजले, तें तीनचार दिवसांत जितकें चुकूं शकतें, तितकें चुकावयास रस्त्यावरच्या घड्याळाला महिना लागतो. खिशांतला मोबाइल तर या दोघांनाही लाजवितो. तेव्हां ‘वेळ बरोबर कळावी म्हणून भारी घड्याळ घेतलें’ असें जो म्हणतो, तो दुसऱ्याला तरी फसवितो किंवा स्वतःला तरी. एवढें आरंभींच मान्य करून टाकलें म्हणजे पुढचा विचार पुष्कळ सोपा होतो.

पैठणीला कोणी असा जाब विचारीत नाहीं. ती सुती लुगड्याहून अधिक ऊब देत नाहीं, आणि धुवावयास तर महाकठीण. पण ती उपयोगाची वस्तु आहे असा दावाच तिची मालकीण करीत नाहीं. पदरावरचा मोर विणणाऱ्या हातांचें मोल तिनें दिलेलें असतें, आणि तो मोर चारचौघींना दिसावा अशी तिची इच्छाही असते. दोन्ही गोष्टी उघड आहेत. घड्याळाची गोष्ट निराळी. तो दागिना खरा, पण अवजाराचा वेष घेऊन आलेला. कानांत भिकबाळी घालावयास जो गृहस्थ आज संकोचेल, तोच एखाद्या मोटारीची किंमत मनगटावर बांधून कचेरींत जातो आणि वक्तशीर म्हणवून घेतो. नीतीचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो तो येथें, किमतीपाशीं नव्हे.

हा वेष घड्याळाला चढला जिनीव्हा शहरांत. सोळाव्या शतकांत, १५४१ नंतर, कॅल्व्हिन या कडव्या धर्मसुधारकाच्या वर्चस्वाखालीं तेथें दागदागिने व छानछोकी यांवर निर्बंध आले आणि सोनारांच्या पोटावर पाय आला. घड्याळ मात्र उपयोगाची वस्तु म्हणून क्षम्य ठरलें. तेव्हां सोनारांचे हात घड्याळांकडे वळले, असें तेथील परंपरा सांगते. फ्रान्समधून धर्मच्छळामुळें पळून आलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांची त्यांत भर पडली, आणि १६०१ मध्यें घड्याळजींची स्वतंत्र श्रेणी उभी राहिली. चैनीवर बंदी घालणाऱ्या कायद्याच्याच कुशींत इतक्या महागड्या चैनीनें वाढावें, ही मनुष्यस्वभावाची गंमत आहे.

याच शहरांत १७१२ मध्यें एका घड्याळजीच्या घरीं रूसो जन्मला. विद्या व कला यांच्या प्रगतीनें मनुष्याची नीति सुधारली नाहीं, उलट बिघडली, असें प्रतिपादन करणाऱ्या १७५० मधील निबंधानें त्याचें नांव युरोपभर झालें; आणि लिहिलें तसें वागावें या हट्टानें त्यानें आपली राहणीच बदलली. पोषाखावरची जर गेली, पांढरे मोजे गेले, तलवार गेली, आणि घड्याळही त्यानें विकून टाकलें. किती वाजले हें जाणण्याची गरज आतां उरली नाहीं, याचा आपल्याला केवढा आनंद झाला हें त्यानें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. घड्याळजीच्या मुलानें घड्याळ विकावें हें बोलकें खरें. पण वेळ न पाहण्याची चैन कोणाला परवडते, हाही प्रश्नच आहे. रूसो त्या सुमारास संगीताच्या नकला करून, पानामागें पैसे घेऊन, पोट भरीत असे. त्याच्याकडे तासांचा हिशेब कोणी मागत नव्हतें. गिरणींतल्या कामगाराला किंवा सकाळची ठराविक लोकल गांठणाऱ्या कारकुनाला असा संन्यास घेतां येत नाहीं.

रूसोचा प्रतिस्पर्धी व्हॉल्टेअर याचें मत अगदीं उलट. त्यानें १७३६ मध्येंच ऐषारामाचा कैवार घेणारी एक कविता लिहून धर्मनिष्ठांचा रोष ओढवून घेतला होता. म्हातारपणीं तो जिनीव्हाच्या सरहद्दीलगत फर्ने या गांवीं राहात असतां, १७७० मध्यें, जिनीव्हांतील राजकीय दंग्यांमुळें कांहीं कारागीर त्याच्या आश्रयास आले. जन्मानें जिनीव्हाचे असूनही त्यांना नागरिकत्वाचे हक्क नव्हते. व्हॉल्टेअरनें त्यांना घरें बांधून दिलीं, भांडवल पुरविलें, घड्याळांचा कारखाना काढून दिला. आणि मग पंचाहत्तरी गांठलेला हा तत्त्ववेत्ता एखाद्या फिरत्या विक्रेत्याप्रमाणें ठिकठिकाणच्या वकिलांना व दरबाऱ्यांना आपल्या घड्याळांची शिफारस करणारीं पत्रें लिहूं लागला. रशियाची सम्राज्ञी कॅथराइन हिनेंही त्याच्याकडून घड्याळें घेतलीं. श्रीमंताची हौस हीच गरिबाची भाकरी, हा त्याचा युक्तिवाद. आणि फर्ने गांव त्यानें भरभराटीस आणलें हें नाकारतां येत नाहीं.

या दोघांचा निवाडा त्यांच्या ग्रंथांतून होत नाहीं. ज्यांच्या हातांनीं घड्याळें होत, त्यांच्याकडे पाहावें लागतें. जिनीव्हाच्या उत्तरेस जुरा पर्वताच्या रांगा पसरल्या आहेत. हिंवाळ्यांत तेथें बर्फामुळें शेती बंद पडे, आणि शेतकरी खिडकीपाशीं बाक मांडून चक्रें कापीत, दाते घांशीत, स्क्रू वळीत बसत. त्या प्रदेशांतील स्वावलंबी डोंगरी कुटुंबांचें रूसोनेंच १७५८ मध्यें मोठ्या प्रेमानें वर्णन केलें आहे. घड्याळ त्याज्य वाटलें तरी तें बनविणारीं माणसें त्याला आदर्श वाटलीं! पुढें शंभरावर वर्षांनीं, १८७२ मध्यें, क्रोपोट्‌किन हा रशियन सरदारपुत्र त्याच डोंगरांत आला. घड्याळजींची स्वतंत्र बुद्धि व परस्परांतील समानतेची वागणूक पाहून, त्यांच्यांत थोडे दिवस राहिल्यावर आपण अराज्यवादी झालों, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याच वर्षीं सेंट-इमिए येथें अराज्यवाद्यांची परिषद भरली. लाँजीन घड्याळांचें गांव तें हेंच. श्रीमंतांच्या खिशांत जावयाचें घड्याळ ज्या बाकावर जुळत होतें, त्याच बाकावर श्रीमंतीच्या उच्छेदाच्या गोष्टी चालत. ज्या कामाला हात आणि डोकें दोन्ही लागतात, तें करणारा मजूर सहसा लाचार होत नाहीं. व्हॉल्टेअरच्या बाजूनें देतां येईल असा याहून चांगला पुरावा नाहीं, आणि तो द्यावा एका अराज्यवाद्यानें!

पण त्याच युक्तिवादाचें दुसरें टोंकही इतिहासानें दाखविलें आहे. १७८३ मध्यें फ्रान्सच्या राणीच्या रक्षकदलांतील एका अधिकाऱ्यानें पॅरिसचा विख्यात घड्याळजी ब्रेगे याच्याकडे मागणी नोंदविली: राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठीं असें घड्याळ व्हावें कीं त्या काळीं माहीत असलेली प्रत्येक करामत त्यांत असेल, शक्य तेथें इतर धातूंऐवजीं सोनें वापरावें, पैसा आणि वेळ यांना मर्यादा नाहीं. १७८९ मध्यें पॅरिसच्या बायका पावासाठीं व्हर्सायवर चालून गेल्या तेव्हां तें अपुरेंच होतें. १७९३ मध्यें राणीचा शिरच्छेद झाला. १८२३ मध्यें ब्रेगे वारला. घड्याळ पुरें झालें १८२७ मध्यें. राणीनें तें पाहिलेंच नाहीं. हातोहातीं फिरत तें जेरुसलेमच्या एका संग्रहालयांत पोंचलें, १९८३ मध्यें तेथून चोरीस गेलें, आणि २००७ मध्यें परत मिळालें. यंत्रविद्येचा तो चमत्कार आहे यांत शंका नाहीं. पण कारागिराला भाकरी देण्यासाठीं सोन्याचीं चक्रें लागत नाहींत, एवढें व्हॉल्टेअरनेंही कबूल केलें असतें.

यानंतरची मोठी घटना अगदीं अलीकडची. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सेको कंपनीनें टोकियोंत क्वार्ट्‌झचें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस ठेविलें. स्फटिकाचा बारीक तुकडा विजेच्या योगानें ठराविक गतीनें कंप पावतो, आजच्या सामान्य घड्याळांत सेकंदाला ३२,७६८ वेळां, आणि त्या कंपनांच्या हिशेबानें कांटे चालतात. तें पहिलें घड्याळ साडेचार लाख येनचें, म्हणजे लहान मोटारीच्या किमतीचें होतें. पण थोड्याच वर्षांत तें तंत्र कवडीमोल झालें. स्वित्झर्लंडमध्यें या धंद्यांत १९७० च्या सुमारास सुमारें ९०,००० माणसें होतीं. १९८५ च्या आसपास तीं तीसेक हजारांवर आलीं. ल लोक्ल येथील झेनिथ कारखान्याच्या अमेरिकन मालकांनीं १९७५ मध्यें यांत्रिक घड्याळें बंद करून जुनीं अवजारें मोडींत काढण्याचा हुकूम सोडला. शार्ल व्हर्मो नांवाच्या तेथील कारागिरानें पुष्कळ विनविलें. कोणीं ऐकलें नाहीं. तेव्हां तो एकेक साचा, एकेक अवजार उचलून गुपचूप माळ्यावर नेऊन ठेवूं लागला, आणि कोणतें कशासाठीं तें टिपून ठेवूं लागला. १९८४ मध्यें त्या यंत्रणेला पुन्हा मागणी आली आणि तीं अवजारें माळ्यावरून खालीं उतरलीं. यांत्रिक घड्याळ वांचलें तें उपयोगी म्हणून नव्हे. चैनीची वस्तु म्हणून वांचलें.

आपल्याकडे नेमकें उलट झालें. एच्. एम्. टी. या सरकारी कंपनीनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ मध्यें बंगलोरास घड्याळांचा कारखाना काढला. तिचें किल्ली देण्याचें ‘जनता’ घड्याळ परीक्षा पास झालेल्या मुलाच्या आणि निवृत्त शिक्षकाच्या मनगटावर सारखेंच शोभे. २०१६ मध्यें सरकारनें तो धंदा बंद करण्याचें ठरविलें. तेथील कारागिरांच्या हातांत कसब नव्हतें असें नाहीं. पण त्यांच्या घड्याळाला चैन कोणीं मानलें नाहीं आणि गरज म्हणून तें उरलें नव्हतें. आतां संग्राहक तींच घड्याळें हौसेनें शोधीत फिरतात.

‘आम्ही कारागिरी जगवितों’ हा भारी घड्याळ घेणाऱ्यांचा बचाव म्हणूनच खोटा नाहीं. मात्र तो सरसकट लागू पडत नाहीं. पुष्कळ नामांकित घड्याळें यंत्रांवर हजारोंनीं निघतात, आणि किमतींतला बराच भाग जाहिरातींत, झगझगीत दुकानांत व मुद्दाम राखलेल्या टंचाईंत मुरतो. ‘स्विस मेड’ या शब्दांवरही फार भिस्त ठेवूं नये. २०१७ पासूनच्या नियमानें उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधील असावा लागतो. उरलेला कोठला, हें तबकडी सांगत नाहीं. माणकांची गोष्टही तशीच. जिनीव्हाचा नागरिक असलेल्या फातियो नांवाच्या गणितज्ञानें माणकांना भोंकें पाडून त्यांत चक्रांचे आंस बसविण्याच्या युक्तीचें पेटंट १७०४ मध्यें लंडनला मिळविलें. हेतु एवढाच कीं घर्षण कमी व्हावें. आज तीं माणकें कृत्रिम असतात व त्यांची किंमत नगण्य असते. तरी ‘सतरा माणकांचें घड्याळ’ म्हणून आजोबांनीं कुलुपांत ठेवलेली ठेव अनेक घरांतून निघते.

आतां पैसा कोठून आला, याकडे पाहावें. मराठी मध्यमवर्गाच्या घरांत पहिलें चांगलें घड्याळ बहुधा विकत आलेंच नाहीं. तें आलें लग्नांत. फाव्र-ल्यूबाचें किंवा वेस्ट एंडचें घड्याळ, अंगठी आणि सूट ही कलमें याद्यांत लिहिलीं जात. लिहिलीं नसलीं तर ऐन पंगतीच्या वेळीं जांवई रुसे, आणि वधूपिता उसनवार करून त्याचा रुसवा काढी. तें घड्याळ पुढें तीसचाळीस वर्षें चाले. कांच बदले, पट्टे बदलत. पण त्याची किंमत कोणीं आणि कशी चुकविली, हें घरांतल्या एकाच व्यक्तीला रोज सकाळीं किल्लीच्या आवाजाबरोबर आठवे, आणि ती कांहीं बोलत नसे. १९६१ मध्यें हुंडाबंदीचा कायदा झाला. तरी ‘आम्ही कांहीं मागितलें नव्हतें हो, त्यांनींच हौसेनें घातलें’ हें वाक्य अजूनही ऐकूं येतें. घड्याळाचें नांव मात्र अधिक भारी झालें आहे. ज्या घड्याळाची रक्कम मुलीच्या बापाच्या भविष्यनिर्वाहनिधींतून आली, त्याच्या कारागिरीची स्तुति रूसोनें काय आणि व्हॉल्टेअरनें काय, कोणींच ऐकून घेतली नसती.

सत्तेवरील माणसाची अडचण याच जातीची. २०१६ मध्यें कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना मित्राकडून भेट मिळालेल्या भारी घड्याळावरून विधानसभेंत गदारोळ झाला, आणि अखेर तें सरकारजमा करण्यांत आलें. अधिकार असेपर्यंत मित्र कोणता आणि गरजू कोणता, हें खुद्द घेणाऱ्यालाही सांगतां येत नाहीं.

गांधीजींच्या मोजक्या वस्तूंत घड्याळ होतें आणि तें कमरेला लटकत असे. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या मनुष्याला रूसोप्रमाणें घड्याळ टाकून देतां आलें नाहीं. त्यांचें एक झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, वाटी व ताट यांचा २००९ मध्यें न्यूयॉर्क येथें लिलाव झाला आणि १८ लाख डॉलर आले. ल लोक्लच्या त्या कारखान्यांतून निघालेलें हें घड्याळ भारी ठरलें तें आंतल्या चक्रांमुळें नव्हे.

व्यवहारांत पहिली काळजी कागदांची. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनें स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई झाली आहे. तेव्हां ‘बिलावांचून स्वस्तांत देतों’ म्हणणाऱ्या दुकानाची पायरी उतरावी हें उत्तम. दहा लाखांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्यानें एक टक्का कर आगाऊ गोळा करावा, असा नियम २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाला; ती रक्कम खरेदीदाराच्या प्राप्तिकरांत वळती होते, म्हणून तिला भिण्याचें कारण नाहीं. स्वित्झर्लंड व त्याच्या सहकारी देशांशीं झालेला व्यापारकरार १ ऑक्टोबर २०२५ रोजीं अंमलांत आला व त्यान्वयें स्विस घड्याळांवरील जकात टप्प्याटप्प्यानें उतरावयाची आहे. घाई नसेल त्यानें थोडें थांबावयास हरकत नाहीं. परदेशीं खरेदी केलेलें घड्याळ मनगटावर चढवून जकातनाक्यावरून निसटण्याची विद्या पुष्कळांना भूषणावह वाटते. तिला सरळ चोरी म्हणावें. उलट, स्वतःचें भारी घड्याळ घालून परदेशीं जाणाऱ्यानें निघतांनाच जकात-अधिकाऱ्यांकडून त्याचा दाखला घ्यावा. परततांना वाद उरत नाहीं.

दुसरी काळजी पोसण्याची. हत्ती घेतां येतो, चारा परवडत नाहीं, तशी कित्येकांची स्थिति होते. यांत्रिक घड्याळांतलें तेल कालांतरानें सुकतें. सुमारें पांच वर्षांनीं तें उघडून, धुवून, पुन्हा तेल देऊन बंद करावें लागतें, आणि भारी घड्याळाच्या एका ऑइलिंगच्या खर्चांत दोनतीन चांगलीं साधीं घड्याळें येतात. हा खर्च झेपत नसेल तर खरेदीही झेपत नाहीं असें समजावें. ठेवणींतल्या पैठणीची घडी अधूनमधून मोडावी लागते, तसें घड्याळही कपाटांत वर्षानुवर्षें पडूं देऊं नये. किल्ली सकाळीं एकदां, हाताला अडे तोंपर्यंतच द्यावी. तारीख दाखविणारें घड्याळ असेल तर रात्रीं नऊपासून पहाटे तीनपर्यंत हातानें तारीख बदलूं नये. त्या वेळीं तारखेचे दाते आपोआप गुंतत असतात व मोडूं शकतात. ‘३० मीटर’ असें लिहिलेलें वाचून तें पोहावयास नेऊं नये; तो आंकडा प्रयोगशाळेंतल्या दाबाचा आहे. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. चार महिने धातूचा किंवा रबरी पट्टा बरा.

घालण्याच्या शिष्टाचाराविषयीं पुस्तकांत फारसें सांपडत नाहीं, पण घरोघर तो ठाऊक असतो. फी सांगणाऱ्या डॉक्टरच्या मनगटाकडे रोग्याचे नातेवाईक पाहात असतात. मोलकरणीच्या शंभर रुपयांच्या वाढीवर ज्या घरांत आठवडाभर घासाघीस चालते, तेथील यजमानाचें घड्याळ तिच्याच हातानें रोज पुसलेल्या टेबलावर पडलेलें असतें. किंमत तिला माहीत नसेल अशा भ्रमांत कोणी राहूं नये. वस्तु आवडली म्हणून घेणारा ती बाहीखालीं झांकली तरी सुखी असतो. ज्याला बाही वर सारल्याशिवाय चैन पडत नाहीं, त्यानें घड्याळ घेतलेलें नसून प्रेक्षक घेतलेले असतात, आणि प्रेक्षकांना दरवर्षीं नवा खेळ लागतो.

शेवटीं वांटणीचा प्रश्न उरतो. सोन्याच्या पाटल्या वितळवून दोन मुलींत सारख्या वांटतां येतात. घड्याळ वांटतां येत नाहीं. घड्याळ मुलाला आणि दागिने मुलीला, ही जुनी वहिवाट. पण वडील अंथरुणाला खिळल्यावर त्याला रोज किल्ली देणारी बहुधा मुलगीच असते. मालकानें हयातींतच सर्वांना एकत्र बसवून तें कोणाला जावयाचें हें सांगावें, मृत्युपत्रांत घड्याळाचा क्रमांक घालून नांव लिहावें, आणि पेटींत बिल, हमीपत्र व शेवटच्या दुरुस्तीची पावती एकत्र ठेवावीं. तबकडी पिवळी पडली असली तरी ती नवी रंगवून घेऊं नये. रंगविलेल्या तबकडीचें मोल बाजारांत घटतें. आणि ज्या मुलीनें वडिलांच्या मनगटावर ती पिवळीच पाहिलेली असते, तिला नवी ओळखूं येत नाहीं.